खणातलं आकड्यांचं घड्याळ

बालमित्रांनो, तुमचे बाबा किंवा मामा शाळेत होते तेव्हा काट्यांऐवजी आकडे दाखवणारं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे केवढी ऐट! बटण दाबलं की दिवा लागे, तास झाला की 'टीट टीट' होई. मैदानावर शर्यत लागली, की त्या स्टॉपवॉचवाल्या मुलाचा भाव एकदम वधारायचा.

आता ती घड्याळं कुठे आहेत? कपाटाच्या खणात, नाहीतर शिवणाच्या डब्यात, बंद पडून! आमच्या राहात्यात चार घरी विचारलंत तर एखादं नक्की निघेल. मुलांनो, ती जमवा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आज आपण तो तिकीट काढून बघतो!

पहिलं आकड्यांचं मनगटी घड्याळ अमेरिकेत १९७२ मध्ये आलं. नाव पल्सर, किंमत २१०० डॉलर. आकडे लाल दिव्यांचे, सेल खाणारे. म्हणून बटण दाबल्याशिवाय वेळच दिसत नसे. पुढे करड्या पडद्यावरचे काळे आकडे आले, आणि घड्याळ स्वस्त झालं.

जपानच्या किकुओ इबे यांची गोष्ट तर मला फार आवडते. वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं, म्हणून १९८१ मध्ये त्यांनी न फुटणारं घड्याळ करायला घेतलं. नमुना बनवायचा आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकायचा! असे सुमारे २०० नमुने झाले. एकदा बागेत एक मुलगी चेंडू आपटताना दिसली. चेंडू आपटतो, पण त्याच्या मधोमध धक्का पोचत नाही. बस्स! घड्याळाचं यंत्र आत जणू अधांतरी ठेवलं, आणि १९८३ मध्ये कॅसिओचं जी-शॉक बाजारात आलं. १९८९ चं 'एफ-९१डब्ल्यू' मात्र साधं, अवघं २१ ग्रॅमचं. ते आजही दुकानात मिळतं.

जुनं घड्याळ सापडलं की आधी घड्याळजीकाकांकडून आतला सेल काढून घ्या. जुना सेल गळतो आणि आतल्या बारीक तारा खाऊन टाकतो. मग ते घड्याळ कायमचं गेलंच म्हणा. आकडे अर्धवट दिसत असतील तर घाबरू नका. पडद्याखालच्या रबरी पट्टीवर बऱ्याचदा मळ बसलेला असतो, तो काकांना पुसायला सांगा.

पालकांनो, हे तुमच्यासाठी. काढलेला सेल घरात उघडा ठेवू नका. लहान मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकतं. नुसता संशय आला तरी तडक दवाखाना गाठा.

प्रत्येक घड्याळासाठी वहीचं एक पान ठेवा. कोणाचं होतं, कुठून आणलं, केवढ्याला, हे घरच्या मोठ्यांना विचारून लिहा. हे सांगणारी माणसं आज समोर आहेत, तोवरच विचारा हं! पानभर मजकूर नसेल तर ते घड्याळ म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.

आता एक गणित. या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या २ ने भागत जा. किती वेळा भागल्यावर १ उरतो? घड्याळही तेवढ्याच वेळा निम्मं करतं, तेव्हा कुठे एक सेकंद पुढे सरकतो!