काटेवाडी : लोकल बोर्डाच्या मेंबरबाईंचे गाव

बारामती पाहायला येणारे एमआयडीसी आणि शिक्षणसंस्थांची आवारे बघतात, मोरोपंतांच्या नावाला नमस्कार करतात आणि परततात. इंदापूरच्या रस्त्याने थोडे पुढे गेले तर काटेवाडी लागते. तिथे सहसा कुणी थांबत नाही. गाव म्हटले तर चारचौघांसारखेच, दोन्ही अंगांना ऊस. पुढे सणसर-भवानीनगर, छत्रपती कारखाना, म्हणजे इंदापूर तालुका. आषाढी वारीत तुकोबांची पालखी मात्र इथे आवर्जून थांबते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण असते, पण मेंढ्या धावतात त्या काटेवाडीत.

या गावाची दुसरी ओळख म्हणजे शारदाबाई गोविंदराव पवार. शरद पवारांच्या आई म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या मते हा परिचय अपुरा आहे, कारण मुलाच्या जन्माआधीच त्या लोकप्रतिनिधी होत्या.

12 डिसेंबर 1911 रोजी कोल्हापूरकडच्या गोलिवडे गावी, भोसल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण पुण्यात, रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात. लग्नानंतर त्या बारामतीकडे आल्या. गोविंदराव सहकारी खरेदी-विक्री संघात काम करत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास या पट्ट्यात आले होते, त्यामुळे ऊस, गूळ आणि बाजारपेठ यांचे गणित घरात रोज कानावर पडे. अकरा मुलांचे घर, शिवाय शेती. हा व्याप सांभाळून 1938 साली शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या आणि 1952 पर्यंत त्यांनी ते काम केले.

लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेची आधीची पिढी. गावोगावचे रस्ते, दवाखाने, पिण्याच्या विहिरी अशी कामे त्याच्याकडे. भाषणे ठोकण्याची ही जागा नव्हे. अमुक गावाला विहीर का नाही, तमुक रस्ता पावसात का बंद पडतो, हे कागदावर मांडून मंजूर करून घ्यायचे. पुरुषांनी भरलेल्या सभागृहात हे करायचे, म्हणजे चिकाटी हवी. 1940 च्या डिसेंबरात तीन दिवसांच्या शरदला कडेवर घेऊन त्या पुण्यात बोर्डाच्या बैठकीला गेल्या, ही आठवण शरद पवार अनेकदा सांगतात. ऐकणारे त्यात बाळाचे कौतुक शोधतात. मला मात्र काटेवाडी ते पुणे हा त्या काळचा प्रवास आठवतो, तोही बाळंतिणीने केलेला.

मुलींच्या शिक्षणाचा त्यांना ध्यास होता. बारामतीजवळच्या शारदानगर संकुलाला आणि तिथल्या महिला महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. 1994 मध्ये मुख्यमंत्री असताना शरद पवारांनी महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण आणले. आज राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. शारदाबाईंच्या वेळी निम्म्या जागांची अशी सोय नव्हती.

तेव्हाचे काही प्रश्न मात्र जागचे हलले नाहीत. बारामतीचा बागायत भाग कालव्यावर पोसला, उत्तरेकडचा जिरायत भाग अजून टँकरची वाट पाहतो. इंदापुरात उजनीचा अथांग जलाशय डोळ्यांसमोर असतो आणि कालव्याच्या टेलचा शेतकरी पाण्याच्या आवर्तनासाठी तहसीलच्या पायऱ्या चढतो. म्हणून इथे मत मागायला येणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाला, झेडपी सदस्याला एवढेच विचारावे : तुमच्या मुदतीत पाणी, रस्ता आणि मुलींची शाळा यांपैकी काय मंजूर करून आणले, ते कागदावर दाखवा.