सेफ्टी बेल्ट दिला, प्रशिक्षणाचे काय?

पुणे-सोलापूर रस्त्याने दौंडकडे जाताना लोणी काळभोर येथे इंधनसाठ्याचे डेपो लागतात. टँकर डेपोत भरताना आणि शिरूर-दौंड परिसरातील पेट्रोल पंपांवर रिकामा करण्यापूर्वी कामगार त्याच्या माथ्यावर चढतो, झाकण उघडतो आणि इंधनाची पातळी मोजतो. ही उंची साधारण तीन-साडेतीन मीटर. दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतील उंच मनोरे किंवा शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या शेडची छपरे यांच्यापुढे ती क्षुल्लक वाटते. मात्र अवघ्या दोन मीटरवरून पडणारा माणूसही पाऊण सेकंदाच्या आत, ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो.

सेफ्टी बेल्ट दिला की जबाबदारी संपली, हा समज घातक आहे. केवळ कमरेचा पट्टा पडण्याच्या झटक्याने पोटाला व मणक्याला इजा करू शकतो. म्हणून खांदे, छाती व मांड्यांवर भार विभागणारा हार्नेस आवश्यक ठरतो. पण त्यालाही खाली मोकळी जागा लागते. दोन मीटरचा दोर, धक्का शोषताना पावणेदोन मीटरपर्यंत उलगडणारी पट्टी, पाठीवरील कडीपासून पायांपर्यंतचे दीड मीटर आणि एक मीटर राखीव अंतर, असे एकूण सव्वासहा मीटर होतात. म्हणजेच टँकरच्या माथ्यावर हूक अडकवणारा कामगार हार्नेस घालूनही जमिनीवर आपटेल. तेथे कठड्याचा मचाण किंवा डोक्यावरील तुळईला टांगलेला, झटका बसताच अडकणारा दोरच उपयोगी.

प्रशिक्षणात हाच हिशेब शिकवावा लागतो. काम जमिनीवरूनच करता येईल का, हा पहिला प्रश्न. त्यानंतर दोर व शिवण तपासणे, हूक डोक्याच्या वर अडकवणे, जागा बदलताना दोनपैकी एक हूक कायम अडकलेला ठेवणे. शेवटचा धडा सुटकेचा. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच जिवाला धोका निर्माण होतो. त्यामुळे सुटकेची तयारी काम सुरू होण्यापूर्वीच हवी.

पडण्यापासून संरक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ मध्येच करण्यात आली होती. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ मध्ये स्थापन झाले. नियमांची वानवा कधीच नव्हती. ठेकेदाराकडे आज रुजू झालेल्या कामगाराला शिडी चढण्यापूर्वी हे धडे मिळतात का, यावरच त्याचे सुखरूप घरी परतणे अवलंबून आहे.