उभ्या गाडीला आसरा कसा द्यावा?

व्यापाऱ्याच्या घरी माल साठविण्याची विद्या कोणी पुस्तकातून शिकत नाही. पावसाळ्यात गुळाच्या ढेपा कोठे ठेवाव्यात, धान्याची थप्पी भिंतीपासून हातभर दूर का लावावी, पोत्यांखाली लाकडी फळ्या का घालाव्यात, हे वखारीत वावरणाऱ्या मुलास आपोआप कळते. परंतु हाच व्यापारी आपल्या घरची गाडी अंगणात उभी करू लागला म्हणजे ती सारी विद्या विसरतो. हे मी दुसऱ्या कोणास उद्देशून लिहीत नाही. ही चूक आमच्याच घरी दोन वेळा झाली. त्या चुकांतून जे हाती आले ते सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

माझ्या धाकट्या बंधूने चार वर्षांपूर्वी एक लहान कॅम्पर ट्रेलर घेतला. कॅम्पर ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यावयाची राहण्याची गाडी. आत चार जणांच्या निजण्याची सोय, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि सामानाची कपाटे असतात. ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली केवळ प्रवासाच्या आनंदासाठी अशी एक गाडी बांधवून घेतली होती. ती घोड्यांनी ओढली जाई. आपल्याकडे हा प्रकार नवा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून त्याची चर्चा अधिक होऊ लागली आहे. असो.

ही गाडी वर्षातून फार तर पाच-सहा आठवडे चालते आणि उरलेले दहा-अकरा महिने उभी राहते. रोज धावणाऱ्या गाडीचा ओलावा धावण्याने सुकतो व तिचा बिघाडही लवकर ध्यानी येतो. उभ्या गाडीचे तसे नाही. तिचा नाश सावकाश व मुकाट्याने होतो आणि आपल्याला कळतो तो प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी! त्यातच ट्रेलरची घडण घरासारखी असते. प्लायवूड, स्पंज, कापड, डिंकाने व रबराने बंद केलेले सांधे, या सर्वांस ओल आणि ऊन ही दोन्ही वैरी आहेत.

आमची पहिली चूक ताडपत्रीची. बेळगावात टिळकवाडीतील घराच्या अंगणात गाडी उभी करून तिच्यावर जाड ताडपत्री चारी बाजूंनी दोरीने गच्च आवळली आणि मोठे काम केले अशा समजुतीने आम्ही स्वस्थ बसलो. दिवाळीपूर्वी ताडपत्री काढली, तेव्हा आतून कुबट वास आला. गाद्यांना बुरशी लागली होती, दाराजवळची प्लायवूडची फळी फुगली होती आणि कपाटात उंदरांनी घर केले होते. वरून पावसाचा एक थेंबही आत गेला नव्हता. जमिनीतून वर येणारी वाफ ताडपत्रीखाली कोंडली गेली, तिनेच हा घात केला. शिवाय वाऱ्याने फडफडणाऱ्या दोऱ्यांनी व कडांनी बाहेरचा रंग घासून काढला, तो निराळाच.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. एका कारागिराकडून चार लोखंडी खांबांवर पत्र्याचे छप्पर घालून घेतले. काम झटपट झाले, खर्चही बेताचा आला. खांब भरावाच्या मऊ मातीत दोन फूट पुरून भोवती दगड ठोकले होते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. वाऱ्याच्या एका झोताने खांबांसकट अर्धे छप्पर उचलले आणि दोन पत्रे शेजारच्या अंगणात जाऊन पडले. तेथे थोड्याच वेळापूर्वी मुले खेळत होती. पाऊस आला म्हणून ती आत पळाली होती. शेजारच्या काकू आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या पत्र्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी दार लावून घेतले. त्या दिवसापासून छपराचा विचार आम्ही गाडीपुरता केला नाही.

यास्तव पहिला विचार वाऱ्याचा. पावसाचे भय सर्वांस असते, पण हलके छप्पर मोडते ते पावसाने नव्हे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो वजनाइतका असतो. वेग ताशी १०० किलोमीटर झाला की तोच सुमारे ४७ किलो होतो. आमचे छप्पर १८ फूट लांब व १२ फूट रुंद, म्हणजे सुमारे २० चौरस मीटर आहे. त्या हिशेबाने त्याच्यावर साडेनऊशे किलोंच्या आसपास जोर येऊ शकतो. छपराचा उतार व मोकळ्या बाजू यांप्रमाणे हा आकडा कमी-अधिक होईल. परंतु एवढ्या क्षेत्राच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम १०० किलो भरते, हे ध्यानात घ्यावे. अर्थात छपरास वर धरून ठेवणे सोपे आहे. खाली धरून ठेवणे हेच खरे काम होय. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे उन्मळून पडली व छपरे उडाली, हे तेथील आपल्या सभासदांच्या स्मरणात असेलच.

तिसऱ्या वेळी आम्ही चाराऐवजी सहा खांब घेतले. प्रत्येकासाठी दीड फूट लांब, दीड फूट रुंद व अडीच फूट खोल खड्डा घेऊन तो काँक्रीटने भरला. अशा एका खड्ड्यात सुमारे ३८० किलो काँक्रीट बसते. सहा मिळून सव्वादोन टनांहून अधिक वजन होते. हे वजन छपरास धरून ठेवते. खांब व वरचे आडवे पाइप यांच्या कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या जोडल्या, म्हणजे सांगाडा डोलत नाही. पत्र्याच्या कडांना व कोपऱ्यांना मधल्या भागापेक्षा जवळजवळ स्क्रू मारले, कारण वारा पत्रा उचलतो तो कडेपासून. स्क्रू पत्र्याच्या उंच नागमोडीवर रबरी वॉशर घालून मारावेत. खोलगट भागात मारल्यास पाणी तेथूनच गळू लागते.

दुसरा विचार मापाचा. पुष्कळ जण गाडीची लांबी कंपनीच्या कागदावरून घेतात आणि पुढचा जोडदांडा विसरतात. उंचीच्या बाबतीत छतावरील हवेचे झाकण विसरले जाते. गाडी स्वतः फितीने मोजावी. आमचा ट्रेलर दांड्यासह १४ फूट लांब, साडेसहा फूट रुंद व ८ फूट उंच आहे. ज्या बाजूस दार उघडते तेथे साडेतीन फूट आणि दुसऱ्या बाजूस दोन फूट जागा सोडली. छपराची खालची कड साडेनऊ फुटांवर ठेवली. याहून उंच नेल्यास तिरपा पाऊस आत येतो आणि वाऱ्यासही अधिक वाव मिळतो. गाडी आत कोणत्या बाजूने ढकलणार, मोटारीने वळविण्यास पुढे किती मोकळी जागा लागेल, हे खांब पुरण्यापूर्वी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून पाहावे. खांब एकदा काँक्रीटमध्ये बसला की तो हलत नाही.

तिसरा विचार छपराच्या मालाचा. जस्त चढविलेला, फिकट रंगाचा लोखंडी पत्रा सर्वसाधारण उपयोगास चांगला. मात्र पहाटे तो थंड पडला म्हणजे त्याच्या खालच्या बाजूस दव जमून थेंब टपकतात. म्हणून उतार पुरेसा ठेवावा व खालून हवा खेळती असावी. समुद्राजवळ खारट हवेने लोखंड लवकर गंजते. तेथे ॲल्युमिनियमचा पत्रा व न गंजणारे स्क्रू हे महाग वाटले तरी शेवटी स्वस्त पडतात. मंगळुरी कौले थंड असतात व त्यांच्या फटींतून हवा खेळते. परंतु त्यांचे वजन दर चौरस मीटरला ३० किलोंहून अधिक भरते, तेव्हा सांगाडा तसाच भक्कम हवा. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची एखादी पट्टी उजेडासाठी ठीक. सारे छप्पर त्याचे केल्यास ऊन खाली उतरते आणि मूळ हेतूच फसतो. सिमेंटचे जुने पत्रे स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत. त्यांतील पुष्कळांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात व ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक ठरते.

चौथा विचार दिशेचा व गावाचा. आपले सभासद दूरदूरच्या गावी वसलेले आहेत आणि एका गावचे छप्पर दुसऱ्या गावी जसेच्या तसे चालत नाही. बेळगावात पाऊस पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. म्हणून आम्ही पश्चिमेची बाजू पत्र्याने झाकली. तीही जमिनीपासून फूटभर उघडी ठेवली, उरलेल्या बाजू मोकळ्या सोडल्या. गोव्यात पाऊस त्याहून कितीतरी अधिक, सुमारे ३०० सेंटीमीटर पडतो. तेथे उतार जास्त व छपराची कड हातभर बाहेर असावी. ग्वाल्हेरकडे पावसापेक्षा मे-जूनचे ऊन, लू आणि धुळीची वादळे ही अधिक त्रासाची आहेत. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे पश्चिमेची भिंत व जाड सावली यांस प्रथम मान द्यावा. इंदूर व हैदराबाद येथे पाऊस मध्यम, पण ऊन कडक असते. टायरांवर ऊन पडू नये इतकी खोल सावली तेथे पाहिजे. सर्व बाजूंनी बंद खोली बांधावी असे अनेकांस वाटते. दमट गावी अशी खोली म्हणजे विटांची ताडपत्रीच. खाली व वर झरोके नसतील तर ती बांधू नये.

छपराखालची जमीनही तितकीच महत्त्वाची. भोवतालच्या अंगणापेक्षा चार-सहा इंच उंच, थोडा उतार दिलेला कोबा घालावा. छपरावरचे पाणी पन्हळीने दूर न्यावे. शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नये. हे पाणी थोडेथोडके नसते. २० चौरस मीटर छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ५०० लिटर पाणी जमते. आमच्याकडे ते आता टाकीत साठते आणि घरच्या बागेस उपयोगी पडते.

आसरा चांगला असला तरी गाडी आत कशी ठेवली हेही पाहिलेच पाहिजे. गॅसची टाकी काढून मोकळ्या हवेत ठेवावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास खाली साचून राहतो. पाण्याच्या टाक्या व नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्यात. बॅटरी काढून महिन्यातून एकदा भरून घ्यावी. ट्रेलर टेकूंवर घेऊन टायरांवरचा भार कमी करावा. खाद्यपदार्थाचा कणही आत ठेवू नये, म्हणजे उंदीर फिरकत नाहीत. गाद्या उभ्या कराव्यात, कपाटांची दारे उघडी ठेवावीत आणि कोरड्या दिवशी, पंधरा दिवसांतून एकदा तरी, दार-खिडक्या तासभर उघडाव्यात. हे काम आमच्याकडे मातोश्रींनी आपण होऊन अंगावर घेतले आहे. धान्याला ऊन दाखविण्याच्या दिवशीच त्या गाडीलाही वारा दाखवितात.

शेवटी दोन गोष्टी व्यवहाराच्या. छप्पर घालण्यापूर्वी नगरपालिकेची अथवा महानगरपालिकेची परवानगी लागते काय आणि हद्दीपासून किती अंतर सोडावे लागते, याची चौकशी करावी. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी संस्थेची लेखी संमती घ्यावी. विजेच्या तारांखाली लोखंडी सांगाडा कदापि उभारू नये. दुसरी गोष्ट खर्चाची. ज्यांचे अंगण लहान आहे किंवा घर भाड्याचे आहे, त्यांनी खोटे छप्पर घालण्यापेक्षा एखाद्या कोरड्या, हवेशीर गोदामात पावसाळ्यापुरती जागा भाड्याने घ्यावी, हेच शहाणपणाचे. मात्र खर्च वाचवावयाचा तो रंगावर, शोभेवर वाचवावा. पायावर वाचवू नये. आमच्या दुसऱ्या छपरात जे वाचले, त्याहून अधिक मोडतोड निस्तरण्यात गेले.

तिसरे छप्पर उभे राहिल्यास आता दोन पावसाळे झाले. या दिवाळीत गाडी उघडली, तेव्हा आत कोरड्या लाकडाचा वास होता. प्रवासास निघण्यापूर्वी शेजारच्या काकू मुलांसह गाडी पाहावयास आल्या. त्यांनी आतली शेगडी पाहिली, गाद्या दाबून पाहिल्या आणि बाहेर आल्यावर एका खांबाला हात लावून तो हलवून पाहिला. खांब हलला नाही. त्यांचे समाधान झालेले पाहून आमचेही झाले. ज्या बंधूंच्या दारी ट्रेलर, टेंपो अथवा मोटार उभी असेल, त्यांनी येत्या वळवाच्या पावसापूर्वी आपल्या छपराचे खांब एकदा असे हलवून पाहावेत, एवढीच विनंती आहे.