जाहिरातीतले घर आणि दप्तरातले घर

मंडळी, आपल्या गणेशोत्सवाच्या पंगतीत दोन विषय हमखास निघतात : मुलांची कॉलेजे आणि घरांच्या किमती. 'भाड्याने द्यायला एखादे घर घेऊन टाकावे' हा विचार आम्हा डॅलसकरांच्या मनात कधी ना कधी येतोच. मी तो अमलात आणला आणि पोळलो. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट असली म्हणून घरगुती हिशेब चुकत नाही, असे थोडेच आहे!

२०१७ साली लेकीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशातून आम्ही एक घर घेतले. किंमत २ लाख डॉलर, भाडे महिना १,६००. जाहिरातीत वर्षाचा मालमत्ता कर १,५०० लिहिला होता. विमा १,४००, होम ओनर्स असोसिएशनची वर्गणी ४००, दुरुस्ती व रिकामे महिने २,९००, कर्जाचे हप्ते ९,४००. सगळे वजा जाता महिन्याला ३०० डॉलर उरत होते. मी खूष! पुढच्या वर्षी कराचे बिल आले ४,९०० चे. उरले महिन्याला १७ डॉलर. त्याच उन्हाळ्यात एसी बंद पडला आणि तेही गेले.

जाहिरातीतला आकडा खोटा नव्हता. पण तो विकणाऱ्याचा कर होता, माझा नव्हे. टेक्ससमध्ये मालक स्वतः राहत असलेल्या घराला 'होमस्टेड' सवलत मिळते आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढत नाही. मालक ६५ वर्षांचा झाला की शाळांच्या कराला कमाल मर्यादा पडते. आमच्या घराचे आधीचे मालक एक आजोबा होते. भाड्याच्या घराला यातले काही लागू नाही. कॅलिफोर्नियातही १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' मुळे जुन्या मालकाचे मूल्यांकन वर्षाला फार तर २ टक्के वाढते. विक्री झाली की कर नव्या किमतीवर बसतो.

ही माहिती गुप्त नव्हती. काउंटीच्या ॲप्रेझल डिस्ट्रिक्टचे दप्तर कुणालाही फुकट पाहता येते. पत्ता घातला की सवलती, मूल्यांकन, बांधकामाचे वर्ष आणि मालकाचा टपालाचा पत्ताही दिसतो. विक्रीची खरी किंमत मात्र तिथे शोधू नका. टेक्ससमध्ये ती जाहीर करण्याची सक्ती नाही. आसपासच्या विक्रीचे आकडे एजंटाकडून मागून घ्यावेत.

आता माझी पद्धत अशी. प्रथम कर : आपण देणार ती किंमत गुणिले शहर, काउंटी, शाळा वगैरे सगळ्यांचे मिळून दर. मग भाडे : मागितलेले नव्हे, शेजारच्या घरांना प्रत्यक्ष मिळालेले. मग असोसिएशनचे नियम. काही ठिकाणी भाड्याने देण्यावर बंधने असतात. हे जमले तरच जाहिरातीचे वय पाहायचे. घर दोन महिने पडून आहे, किंमत दोनदा उतरली आहे आणि मालकाचा पत्ता परराज्यातला आहे, तर तो कंटाळलेला असण्याचा संभव आहे. तिथे घासाघीस करता येते.

पण घर पडून राहण्याचे कारण पायातही असू शकते. डॅलसची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो. म्हणून करारात 'ऑप्शन पीरियड' घ्या. थोडी फी भरून ठरलेल्या दिवसांत कारण न देता माघार घेता येते. तेवढ्यात पाया तपासून घ्यावा.

फोरक्लोजरचे लिलाव सहसा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात आणि नोटीस किमान २१ दिवस आधी लागते. किंमत मोह पाडते, पण पैसे रोख लागतात, घर आतून बघायला मिळेलच असे नाही आणि जुना बोजा आपल्या गळ्यात पडू शकतो. पहिलटकरांनी त्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या घराच्या वेळी मी कागदावर साठेक घरे तपासली, पाच पाहिली, एक घेतले. बायको म्हणाली, "पहिल्या वेळी साठ कागद पाहिले असतेस तर?" उत्तर नव्हते. आपल्यापैकी कुणी घर पाहत असेल तर सही करण्याआधी एक संध्याकाळ दप्तरात घालवा. हवे तर पुढच्या कार्यक्रमाला कागद घेऊन या. चहा पिता पिता बेरीज मिळून करू.