शाईच्या थेंबातलं वलय

मागच्या भागात पाठीतून पाणी काढण्याबद्दल बोललो, तेव्हा एका श्रोतीनं विचारलं, "ते पाणी लॅबमध्ये गेल्यावर तुम्ही नेमकं करता काय?" बरंच काही करतो. आज त्यातली एकच चाचणी सांगते: इंडिया इंक.

हो, शाईच, काळी. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणाला सूज आणते, विशेषतः एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या लोकांमध्ये. तिच्याभोवती जाड, बुळबुळीत कवच असतं. पाठीतलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात शाई मिसळायची, वर कव्हरस्लिप. शाईचे कण कवचात शिरत नाहीत. त्यामुळे काळ्या पडद्यावर गोल पेशी आणि तिच्याभोवती स्वच्छ वलय दिसतं. म्हणजे बुरशी रंगतच नाही, रंगतं ते तिच्या आजूबाजूचं!

शाई जास्त झाली तर प्रकाश आरपार जात नाही. पांढऱ्या पेशींभोवतीही कधी फसवं वलय दिसतं. म्हणून मी आधी वलयाची कड रेखीव आहे का ते बघते, आणि कुठे पेशीला कळी फुटलेली सापडते का ते शोधते.

शिकत असताना एका रुग्णाच्या रिपोर्टवर मी 'निगेटिव्ह' लिहिलं. वॉर्डात क्षयाचा मेनिन्जायटिस धरून औषधं सुरू झाली. चौथ्या दिवशी कल्चरवर मलईसारखे ठिपके उगवले. क्रिप्टोकॉकसच. माझी स्लाइड चुकली नव्हती, मी ती पुन्हा काढून पाहिली. बुरशीच इतकी कमी होती की त्या थेंबात आलीच नाही. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत तर ही चाचणी साधारण निम्म्यांनाच पकडते. पण मधले तीन दिवस त्या माणसाला अँफोटेरिसिन मिळालं नाही, हे उरतंच.

आता अँटिजेनची पट्टी आहे. कवचाचे विरघळलेले अंश ती दहाएक मिनिटांत ओळखते, रक्तातही, आणि शाईपेक्षा कितीतरी कमी चुकते. तरी जिथे पट्टी नाही तिथे शाई लागतेच. स्वस्त आहे, आणि वलय दिसलं तर निदान तिथल्या तिथे. उपचार लागू पडतोय का हे मात्र शाईवरून ठरवू नका, कारण मेलेल्या पेशीही वलयासकट दिसत राहतात. त्यासाठी कल्चरच हवं.

हल्ली मी नुसतं 'निगेटिव्ह' लिहीत नाही. 'शाईत दिसली नाही, अँटिजेन पाठवा' असं लिहिते, आणि वॉर्डात फोनही करते.