उष्टावण आणि उसाचा फड

मूल सहा महिन्यांचे होते, त्या सुमारास त्याचे उष्टावण होते. प्रसूतीची 12 आठवड्यांची रजा 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली, तेव्हा अनेक नोकरदार मातांना हा सोहळा जवळजवळ रजेतच साजरा करता येऊ लागला. बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीचे काय? दिवाळीच्या आसपास तिचा संसार कोपीत जातो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मजुरी टनावर, उचल आधीच खर्चलेली. तिचे मूल पहिले पाऊल टाकते ते फडातल्या पाचटावर. तिला रजा द्यायची कोणी? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. निदान गाळपाच्या टनामागे काही रक्कम फडावरील पाळणाघरासाठी कारखान्याने वेगळी काढावी. साखरेच्या उत्पादनखर्चात हाही खर्च धरलाच पाहिजे.