१४ एप्रिल १९४४ : हजेरीपटावर नसलेली माणसे

अॅड. लेखक, बुलढाणा

१४ एप्रिलला बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत निळे झेंडे लागतात, मिरवणुका निघतात. निघायलाच हव्यात. पण याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या गोदीत शेकडो माणसे मेली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अग्निशमन दल हा दिवस दरवर्षी पाळते. आपण विसरलो. वास्तविक बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि मेलेल्यांत मजूर होते.

समुद्राशी आपला काय संबंध, असे म्हणू नका. इंग्रजांनी १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू केली ती आपल्या सोयीसाठी नव्हे, वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेण्यासाठी.

'फोर्ट स्टिकिन' हे जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा. त्याच्या वर-खाली कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. शिवाय वंगणतेल आणि सोन्याच्या १२४ विटा. धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. स्फोटके उतरवण्यात दिरंगाई झाली. १४ तारखेला दुपारी धूर दिसला, अग्निशमन दलाला वर्दी द्यायलाही उशीरच झाला. जवान पाणी मारत असतानाच ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. हादरा शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आसपासच्या वस्त्या पेटल्या, सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. युद्धकाळ म्हणून सरकारने बातमी दाबली. ती जगाला आधी सायगाव रेडिओने सांगितली. इथल्या वृत्तपत्रांना मे महिना उजाडावा लागला.

आता हिशेब बघा. सोन्याच्या विटा मोजलेल्या होत्या. पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना त्या सापडत गेल्या आणि जवळजवळ सगळ्या मिळाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, तोही आकडा पक्का आहे. पण एकूण मेले किती? कोणी आठशे म्हणतो, कोणी तेराशे. पाचशे माणसांचा फरक! विटेचा हिशेब लागतो, माणसाचा लागत नाही. गोदीतले पुष्कळसे काम टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर चाले. ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही, तो मेला हे तरी कोण लिहिणार? गोदी कामगारांची नोंदणी करण्याचा कायदा १९४८ साली आला.

हे जुने झाले म्हणावे तर ऑगस्ट २०२१ आठवा. समृद्धी महामार्गाच्या कामावरचा लोखंडी सळ्यांचा टिप्पर सिंदखेडराजा तालुक्यात उलटला आणि त्याच टिप्परवर बसवलेले १३ परप्रांतीय मजूर सळ्यांखाली गेले. कापूस आणि दारूगोळा एकत्र, तसा माल आणि माणूस एकत्र!

मी मजुरांचे नुकसानभरपाईचे दावे चालवतो. समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला : 'हा आमचा कामगार कशावरून?' एका प्रकरणात मयताच्या बायकोने मला मुकादमाच्या उचलीच्या तीन चिठ्ठ्या आणून दिल्या. पेन्सिलीने लिहिलेल्या, खाली सही नाही. नवऱ्याच्या कामाचा तेवढाच पुरावा तिच्यापाशी होता.

म्हणून जयंती मंडळांना विनंती आहे. मंडपात डी.जे.साठी जागा निघतेच. तिथेच एक टेबल आणि दोन खुर्च्या बांधकाम कामगारांच्या नोंदणीसाठी ठेवा. अर्ज भरायला शिकलेली पोरे प्रत्येक वस्तीत आहेत. कायद्याचे काही अडले तर आमच्यासारखे वकील येतील.